दगडाबरोबर गट नंबरही द्या!

माती परीक्षणासाठी आलेल्या पिशवीत चिठ्ठी नसेल तर त्या मातीचा काही उपयोग नसतो. माती तीच, स्फुरद-पालाश तेच, प्रयोगशाळेतलं यंत्रही तेच. पण कोणत्या गटातली, किती खोलीवरची, आधी कोणतं पीक होतं, हेच माहीत नसेल तर निघालेला आकडा कोणत्या रानाला लावायचा? आम्ही विस्ताराचं काम करणारी माणसं हे शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. जमिनीत सापडणाऱ्या पुरातन दगडी हत्यारांनाही नेमका हाच नियम लागू आहे. पण तो सांगायला गावात कोणी येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

यासाठी थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल. ग्रामीण पानावर अमेरिकेतल्या दगडी भाल्यांचं काय काम, असं कोणी विचारील. काम आहे. कारण तिथं सापडलेली हजारो भाल्यांची पाती शास्त्रज्ञांनी नव्हे, तर शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि हौशी माणसांनी गोळा केलेली आहेत. नांगरट झाली, वर पाऊस पडला, की माती धुऊन जाते आणि दगड चकाकतो. तो उचलायचा, घरी न्यायचा, बुटाच्या खोक्यात नाहीतर काचेच्या फ्रेममध्ये ठेवायचा, हा तिकडचा जुना छंद. म्हातारा गेला की पोरं ते खोकं एकतर विकून टाकतात, नाहीतर विद्यापीठाला किंवा संग्रहालयाला दान देतात. अशा दान आलेल्या पात्यांवर तिथं मोठा अभ्यास चालतो. आणि त्या अभ्यासात सर्वांत मोठी अडचण कोणती, तर तीच चिठ्ठीची.

पात्यावरून काय कळतं?

ही पाती आहेत तरी कशी? अमेरिकेतली सर्वांत प्रसिद्ध पाती 'क्लोव्हिस' नावाने ओळखली जातात. न्यू मेक्सिको राज्यातल्या क्लोव्हिस गावावरून हे नाव पडलं. वय सुमारे १३ हजार वर्षे. चकमकीच्या किंवा काचेसारख्या फुटणाऱ्या दगडाला दोन्ही अंगांनी टवके काढून पानासारखा आकार दिलेला, आणि बुडापासून वरच्या दिशेने काही अंतर गेलेली पन्हळीसारखी उथळ खाच. ती खाच भाल्याच्या दांड्यात पातं नीट बसावं म्हणून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यानंतरची 'फोल्सम' पाती आणखी पातळ. त्यांची पन्हळ जवळजवळ टोकापर्यंत जाते.

दान आलेलं पातं अभ्यासकाच्या हाती पडलं की आधी त्याची लांबी, रुंदी, जाडी, वजन आणि पन्हळीची लांबी मोजतात. मग दगड कुठला ते पाहतात. ज्या खाणीतला दगड असेल ती खाण शेकडो किलोमीटर दूर निघाली, तर ती माणसं केवढा मुलूख फिरत होती याचा अंदाज बांधता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली धारेची झीज दिसते. पातं मोडलं तर ते फेकून देत नसत, पुन्हा टवके काढून धार लावत. आपण झिजलेला फाळ लोहाराकडून पाजवून आणतो, तसंच. त्यामुळे संग्रहातलं आखूड पातं हे मुळातच आखूड होतं की वापरून वापरून आखूड झालं, हे ओळखावं लागतं. नांगराच्या फाळाने पडलेला टवकाही वेगळा कळतो. जुन्या पृष्ठभागावर हजारो वर्षांचं पुट चढलेलं असतं, नव्या फुटीचा रंग स्वच्छ असतो.

हे सगळं दगड एकटा सांगतो. पण तो कुठं पडला होता, कशाशेजारी होता, किती खोल होता, हे दगड सांगत नाही. ते उचलणाऱ्यानेच सांगावं लागतं.

दोन संग्रहांची गोष्ट

दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतो. १९८७ साली वॉशिंग्टन राज्यात ईस्ट वेनाची इथं सफरचंदाच्या बागेत पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणताना मजुरांना दगडी पाती लागली. एकेक पातं वीतभर लांब. क्लोव्हिस पात्यांमध्ये एवढी मोठी पाती आजवर दुसरीकडे माहीत नाहीत. बाग खासगी मालकीची. तिथल्या कायद्याने खासगी जमिनीत सापडलेली अशी वस्तू जमीनमालकाची. मनात आलं असतं तर ती पाती बाजारात गेली असती आणि चरात पाइप बसून वर माती लोटली गेली असती. तसं झालं नाही. अभ्यासकांना बोलावणं गेलं, १९८८ आणि १९९० साली शिस्तीत उत्खनन झालं. पात्यांबरोबर हाडाचे घडवलेले दांडेही मिळाले. आणि हत्यारांच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या पुटात ग्लेशियर पीक नावाच्या ज्वालामुखीच्या राखेचे कण आढळले. त्या राखेचा काळ माहीत होता. त्यावरून हत्यारं कधी ठेवली गेली याचा हिशेब लागला. आज ती सार्वजनिक संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. ही हत्यारं आमच्या पूर्वजांची, ती उकरू नका, असं म्हणत १९९० च्या उत्खननाला तिथल्या कोलव्हिल आदिवासींनी विरोध केला होता, हेही सांगितलं पाहिजे. जमिनीतल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिथंही सुटलेला नाही.

आता दुसरं उदाहरण. फॉरेस्ट फेन नावाच्या प्रसिद्ध संग्राहकाकडे क्लोव्हिस काळातल्या ५६ दगडी वस्तूंचा एक साठा होता. जॉर्ज फ्रिसन आणि ब्रूस ब्रॅडली या नामांकित अभ्यासकांनी त्याचा अभ्यास करून १९९९ साली पुस्तक काढलं. घडाई पाहावी तर डोळे दिपतात. दगड कुठले तेही बऱ्याच अंशी कळलं. पण हा साठा मुळात सापडला कुठं? १९०२ च्या सुमारास, यूटा, वायोमिंग आणि आयडाहो ही तीन राज्यं जिथं मिळतात त्या मुलखात कुठंतरी, एवढीच माहिती. त्या जागी आणखी काय होतं, चूल होती का, हाडं होती का, कसली राख होती का, हे विचारायला जागाच उरली नाही. दोन्ही साठे सारखेच देखणे. एकाबरोबर चिठ्ठी आली, दुसऱ्याबरोबर अर्धीमुर्धी. फरक एवढाच, पण केवढा!

गुराख्याने पाहिलं, जागेने सिद्ध केलं

जागेचं मोल याहून जुन्या एका गोष्टीत दिसतं. १९०८ साली न्यू मेक्सिकोतल्या फोल्सम गावाजवळ मोठा पूर आला. जॉर्ज मॅकजंकिन हा तिथल्या एका गुरांच्या रँचवरचा मुकादम. गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस, स्वतःच्या हिमतीवर लिहाय-वाचायला शिकलेला. पुराने खरवडलेल्या ओढ्याच्या काठात खोलवर त्याला मोठमोठी हाडं दिसली. ही नेहमीच्या बायसनची नव्हेत, हे त्याने ओळखलं. भेटेल त्याला तो सांगत राहिला. १९२२ साली तो वारला, तोवर कोणी मोठा शास्त्रज्ञ तिथं फिरकला नव्हता.

डेन्व्हरच्या संग्रहालयाने १९२६ साली खणायला सुरुवात केली. हाडांबरोबर भाल्याची पाती निघाली, पण ती सुटी झालेली. शंका घेणारे म्हणाले, वरून खाली घसरली असतील. मग ठरलं, की पुढचं पातं दिसलं तर हात लावायचा नाही. ऑगस्ट १९२७ मध्ये नामशेष झालेल्या बायसनच्या बरगड्यांमध्ये अडकलेलं पातं दिसलं. ते तसंच ठेवून तारा पाठवल्या. नामवंत शास्त्रज्ञ आले, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता, हे त्या दिवसापासून मान्य झालं. पातं १९२६ मध्येही तसंच होतं. बदलली ती एकच गोष्ट. या वेळी ते जागेवर होतं.

दान घ्यावं की नाही?

अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला. एक बाजू म्हणते, खासगी संग्राहकांच्या वस्तूंना हातच लावू नका. अभ्यासकाने एखाद्या पात्याला नावाजलं की बाजारात त्याचा भाव चढतो, आणि भाव चढला की रात्री कुदळी घेऊन निघणारे वाढतात. हे खोटं नाही. शिवाय आज हुबेहूब नवी पाती घडवणारे कारागीर आहेत. नगाबरोबर जुनी नोंद नसेल तर खरं-खोटं ओळखताना तज्ज्ञही अडखळतात.

दुसरी बाजू म्हणते, लाखो वस्तू घराघरांत पडून आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवली तर ज्ञानही घराघरांतच मरेल. व्हर्जिनिया राज्यात बेन मॅकॅरी या फ्रेंच शिकवणाऱ्या प्राध्यापकाने हौसेने राज्यभरातल्या संग्राहकांकडची पन्हळीची पाती मोजायला घेतली आणि १९४७ मध्ये पहिली यादी छापली. मालकी ज्याची त्याच्याकडेच, फक्त नोंद सार्वजनिक. टेक्सासमध्ये अशाच पद्धतीने पाचशेहून अधिक क्लोव्हिस पात्यांची नोंद झाली. पुढं डेव्हिड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी राज्याराज्यांच्या याद्या एकत्र केल्या. २०१० पर्यंत त्यात सुमारे ३० हजार पात्यांची ठिकाणं जमा झाली होती. एवढं खणून काढायला किती पिढ्या लागल्या असत्या! २०१८ मध्ये तिथल्या पुरातत्त्वज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेनेच निवेदन काढून, जबाबदारीने वागणाऱ्या संग्राहकांबरोबर मिळून काम करावं, असं सांगितलं.

माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, पण दोन अटींवर. वस्तू विकत घ्यायची नाही, आणि वस्तूपेक्षा तिच्या नोंदीला जास्त मान द्यायचा. फुटकं पातं असेल, पण ठिकाण पक्कं असेल, तर ते काचेतल्या अखंड पण बेवारस पात्यापेक्षा मोलाचं.

त्या ३० हजार पात्यांच्या नकाशात शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी अशी एक गंमतही आहे. काही भागांत पाती दाट दिसतात, उदाहरणार्थ अलाबामातल्या टेनेसी नदीच्या खोऱ्यात. तिथं माणसं खरोखर जास्त राहत होती, की तिथं नांगरट जास्त झाली आणि पाती वेचणारे हौशी लोकही जास्त होते? जिथं गवताळ कुरणं आहेत तिथं जमीन उलटतच नाही, मग पातं दिसणार कसं? अभ्यासकांत यावर बराच खल झाला. म्हणजे नकाशा वाचताना आधी शेतीचा इतिहास वाचावा लागतो. पिकाची नजरअंदाज पाहणी फक्त रस्त्याकडेच्या शेतातून केली तर तालुक्याचं चित्र कसं चुकतं, हे आपल्याला माहीत आहेच.

आपल्या मातीत काय?

आता घरी येऊ. अमेरिकेतली पन्हळीची पाती आपल्याकडे सापडत नाहीत. पण दगडी हत्यारांच्या बाबतीत महाराष्ट्र गरीब नाही, उलट त्यांच्याहून कितीतरी जुना आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ दरम्यान उत्खनन केलं. तिथल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांवरून त्या संस्कृतीला नेवाशाचंच नाव मिळालं. जुन्नरच्या भागात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर दगडी हत्यारं मिळाली. त्या राखेच्या वयावर विद्वानांत अजून वाद आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. शहामृग खानदेशात! आज सांगितलं तर पोरं हसतील.

आणि दायमाबाद. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ मिळाला. वजन ६० किलोच्या वर. जगभर नाव झालं. पण या मूर्ती शास्त्रीय उत्खननात, थरात निघालेल्या नसल्याने त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. बहुतेकांनी त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या, काहींनी शंका घेतली. एवढ्या मोठ्या ठेव्यालाही चिठ्ठीचा प्रश्न सुटला नाही. मग बांधावर सापडलेल्या दगडी पात्याची काय कथा?

आपल्याकडे धोका वेचणाऱ्यांचा कमी आणि यंत्राचा जास्त आहे. लाकडी नांगर चार-सहा इंच जायचा. आज ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूटभर जातो, आणि जेसीबीला तर हिशेबच नाही. शेततळं, सपाटीकरण, नदीकाठची वाळू, रस्त्याचा मुरूम, सगळीकडे जमीन खोलवर उलटते आहे. नदीकाठच्या गाळ-गोट्यांच्या थरातच जुनी हत्यारं असतात, आणि नेमका तोच थर वाळू-मुरमासाठी उचलला जातो. गावाच्या जुन्या पांढरीची माती धाब्यावर आणि शेतात टाकण्याची रीतही जुनीच. पांढरीत खापरं आणि गारगोटीची बारीक पाती असतात, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. ती मातीबरोबर दुसऱ्याच रानात जाऊन पडतात, आणि पुढच्या माणसाला वाटतं की जुनी वस्ती तिथंच होती. विकासाची कामं थांबवा, असं मी म्हणत नाही. शेततळं झालंच पाहिजे. पण खणताना डोळे उघडे ठेवायला पैसे पडत नाहीत.

जमीन जाईल ही भीती

शेतकरी बोलत नाही त्याचं खरं कारण वेगळं आहे. 'सांगितलं तर सरकार जमीन घेईल' ही भीती. ती निराधार आहे असं सरसकट म्हणणार नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने एखादं ठिकाण संरक्षित म्हणून जाहीर झालं, तर २०१० च्या दुरुस्तीनुसार भोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी येते आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण येतं. पण त्यासाठी आधी अधिसूचना निघावी लागते, हरकतीसाठी दोन महिन्यांची मुदत असते. शेतात एक दगडी पातं मिळालं म्हणून जमीन आपोआप सरकारजमा होते, असा कोणताही कायदा नाही.

सोन्या-नाण्यांचा ठेवा मिळाला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणि १९७२ च्या कायद्याने पुरावशेषांचा परवान्याशिवाय धंदा करता येत नाही, खासगी माणसाला ते परदेशीही नेता येत नाहीत. तेव्हा कोणी मोटारीतून येऊन 'दगडाचे हजार देतो' म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नये. पातं जाईलच, वर भानगड आपल्या गळ्यात पडेल.

काय करावं?

साधी गोष्ट सांगतो. वेगळा दगड दिसला, धार काढलेली दिसली, तर शक्यतो उचलू नका. मोबाइलवर जागेवरचा फोटो घ्या, शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल. एक फोटो जवळचा, एक बांध आणि झाड दिसेल असा लांबचा. मोबाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश निघतात, तेही लिहून ठेवा. यंत्र चालू आहे म्हणून उचलावंच लागलं तर कागदाच्या पुडीत ठेवा आणि आत चिठ्ठी घाला: गाव, गट नंबर, बांधापासून अंतर, खोली, मातीचा रंग, सोबत काय होतं, तारीख आणि सापडणाऱ्याचं नाव. दगड घासू नका, तेल लावू नका, ॲसिडने धुऊ नका. ज्या पुटावरून काळ कळायचा, तेच धुऊन जाईल. प्रत्येक गारगोटी हत्यार नसते, हेही खरं. ठरवणं जाणकाराचं काम, लिहून ठेवणं आपलं.

ज्यांच्या घरात आजोबांनी जमवलेले दगड, खापरं, मणी आहेत त्यांनी आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावं: कुठल्या रानातलं, कोणत्या साली? संग्रहालयाला वस्तू दान देताना ही माहिती आधी द्यावी, वस्तू मागून. आणि देताना पोचपावती, त्यावर नोंद क्रमांक, मागून घ्यावा. आपण दिलेल्या वस्तूचं पुढं काय झालं, हे विचारण्याचा दात्याला हक्क आहे. पावती न देता वस्तू ठेवून घेणाऱ्याला ती देऊच नये, मग तो कितीही मोठा साहेब असो.

गावच्या कारभाऱ्यांना एक विनंती. तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या पदांची नावं आता बदलली असली तरी गाव त्यांना याच नावाने ओळखतं. त्यांनी आणि सरपंचांनी मिळून ग्रामपंचायतीत शंभर पानी एक वही ठेवावी. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंची, एका वस्तूला एक ओळ. शेततळ्याच्या किंवा सपाटीकरणाच्या कामाची मोजणी करायला जाणाऱ्याने 'खणताना काही जुनं आढळलं का?' एवढा एक प्रश्न विचारावा. वर्षातून एकदा त्या वहीची प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाठवावी. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे.

जमीन वरून आपली असते, सातबाऱ्यावर आपलं नाव असतं. पण तिच्या पोटात आपल्या आधी होऊन गेलेल्यांचाही हिशेब आहे, आणि तो फक्त एकदाच वाचता येतो. यंत्राने थर उलटला की पान फाटलं. तेव्हा दगड द्या वा देऊ नका, घरात ठेवा वा संग्रहालयात पाठवा. त्याची चिठ्ठी मात्र आजच लिहा.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)